जावा नक्की कुणाची? झेक, मैसूर का महिंद्रा?

पक्का_टूस्ट्रोक: मंडळी एक शंका आहे. आमच्या शेजारच्या काकांकडे जुनी येझदी मोटारसायकल आहे, ते म्हणतात ही कंपनी मैसूरची, ऑफिसातला एक जण म्हणतो जावा झेकची, आणि शोरूमवाला तर महिंद्राचं नाव घेतो. नक्की काय भानगड आहे? आणि एवढी चालणारी गाडी बंद का पडली?

दोन_सायलेन्सर: तिघंही बरोबर आहेत 😄 मूळ कंपनी झेकमधल्या प्रागची, फ्रान्टिशेक यानेचेक नावाच्या माणसाची. हा आधी शस्त्रं आणि हातबॉम्ब बनवायचा, पहिल्या महायुद्धानंतर त्या ऑर्डरी आटल्या म्हणून १९२९ मध्ये जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून ५०० सीसी गाडीचे हक्क घेतले आणि मोटारसायकलीत उतरला. ती गाडी महाग होती, फार काही चालली नाही. मग पॅचेट नावाचा इंग्रज इंजिनियर आणला, व्हिलियर्स या इंग्रज कंपनीचं १७५ सीसी टू-स्ट्रोक इंजिन (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं) लावून स्वस्त गाडी काढली, तेव्हा कुठे धंदा उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी कारखाना ताब्यात घेतला तरी इंजिनियर लोक लपूनछपून नवीन २५० सीसी गाडीवर काम करत होते, तीच पेराक, १९४६ ला बाहेर आली. यानेचेकला ती बघायला मिळाली नाही, तो १९४१ लाच गेला, आणि युद्धानंतर कंपनी सरकारने घेतली.

पक्का_टूस्ट्रोक: आणि मैसूर?

दोन_सायलेन्सर: रुस्तम इराणींनी १९६० मध्ये आयडियल जावा काढली, सुरुवातीला झेक लायसन्सवर जावा, मग १९७३ पासून येझदी नाव. २५० ला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, आणि किक-गियरचा लिव्हर एकच! आत दाबून वर फिरवला की किक, परत खाली आणला की गियर. गियर टाकताना क्लच आपोआप सुटायचा ते वेगळंच, नवखा माणूस बसला की गोंधळलाच म्हणून समजा.

मायलेजवाला: १९९६ ला बंद पडली ती प्रदूषणाच्या नियमांनी. टू-स्ट्रोकचा धूर कोण चालवून घेणार.

दोन_सायलेन्सर: नियम होतेच पण खरं नुकसान त्याच्या आधीच झालेलं. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली, फोर-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही आणि मायलेज भरपूर, मग रोज कामावर जाणारा माणूस २५० ची टाकी कशाला भरेल? शिवाय कामगारांचे वाद होते. मधे ३५० ट्विनही (दोन सिलिंडरवाली) काढून बघितली, ती महाग पडली.

घाटातली_स्वारी: महिंद्राचं राहिलं बघा. क्लासिक लेजंड्स ही कंपनी, त्यात बहुतांश हिस्सा महिंद्राचा आणि सोबत रुस्तम इराणींचा मुलगा बोमन इराणी, म्हणजे मुंबईचे रुस्तमजी बिल्डरवाले तेच. २०१८ ला जावा परत आली आणि २०२२ ला येझदी, गाड्या मध्य प्रदेशात पीथमपूरला बनतात. पण इंजिन आता फोर-स्ट्रोक लिक्विड कूल्ड (द्रवाने थंड होणारं), त्यामुळे काकांना सांगा तो जुना आवाज शोरूममध्ये शोधू नका.