मदत हवी आहे: ४४० अंशांच्या वाफेवर ए१०५ चे (साध्या कार्बन स्टीलचे) फोर्ज्ड गेट व्हॉल्व्ह चालतील का?

नमस्कार मंडळी,

साखर कारखान्याच्या को-जनमध्ये (वीजनिर्मिती विभागात) मेंटेनन्स बघतो. बॉयलर ४५ किलो दाबाचा, मेन स्टीम ४४० अंश सेल्सिअस, लाइन पी११ ची (क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या मिश्र पोलादाची). अग्निप्रदीपनाच्या आत मेन स्टीम लाइनवरचे २५ एनबीचे (एक इंची) ड्रेन व्हॉल्व्ह बदलायचे आहेत. जुने बहुतेक सगळे पास होतात, म्हणजे बंद केले तरी वाफ सोडतात. खोलून पाहिले तर वेज (आतली सरकती पाचर) आणि ती जिथे बसते त्या सीटवर वाफेनं कापलेल्या खोल रेघा आहेत, लॅपिंगनं (घासून) त्या जाणार नाहीत.

खरेदी विभागाकडे आलेलं कोटेशन असं: एपीआय ६०२ (छोट्या फोर्ज्ड व्हॉल्व्हचं मानक), क्लास ८०० (दाबाची श्रेणी), सॉकेट वेल्ड, बोल्टेड बॉनेट, बॉडी ए१०५, ट्रिम ८ (ट्रिम म्हणजे वेज-सीटच्या धातूंचा प्रकार). पुरवठादार म्हणतो, क्लास ८०० ला ४२५ अंशांवरही साधारण ७६ बार चालतात, तुमचे तर ४५ च आहेत. दाब-तापमानाच्या तक्त्यात ४२५ च्या पुढेही आकडे दिलेले आहेत हे खरं. पण त्याच तक्त्याखाली टीप आहे की ४२५ च्या वर दीर्घकाळ वापरल्यास कार्बन स्टीलमधल्या कार्बाइडचं ग्रॅफाइट होऊ शकतं, म्हणून तसा वापर करू नये. आमची लाइन हंगामभर ४४० वर असते. शेजारी माणसं काम करतात, त्यामुळे मला ही टीप दाबाच्या आकड्यापेक्षा मोठी वाटते. मी एफ११ (पी११ च्याच जातीच्या मिश्र पोलादाची फोर्ज्ड बॉडी) मागतोय. वरून विचारणा आहे की एवढ्याशा व्हॉल्व्हला जास्त पैसे कशाला.

कुणी अशा तापमानाला ए१०५ लावून पाच-सात हंगाम काढलेत का? एफ११ घेतला तर ट्रिम ८ पुरेल की ५ घ्यावी? आणि वेल्डिंगनंतर सीट वाकून नवाच व्हॉल्व्ह पास होऊ नये म्हणून काय करता?

प्रतिसाद

सर, एफ११ वरून मागे हटू नका. लाइन पी११ ची आहे, म्हणजे ए१०५ लावला तर जोडही दोन वेगळ्या धातूंचा होईल. ऑर्डरमध्ये आयबीआर फॉर्म ३-सी (बॉयलर नियमांखालचं व्हॉल्व्हचं प्रमाणपत्र) लिहून घ्या आणि माल आला की स्टोअरमध्येच पीएमआय (धातूतले घटक तपासणारी चाचणी) करा. एफ११ मध्ये क्रोमियम १ ते १.५ टक्के दिसायला हवं. बाहेरून दोन्ही बॉड्या सारख्याच दिसतात.

ट्रिम ५ घ्या, त्यात सीटसोबत वेजवरही स्टेलाइट (कठीण मिश्रधातूचा थर) असतं. पण रेघांचं खरं कारण वेगळं वाटतं. ड्रेन अर्धवट उघडा ठेवून चालवतात का? गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा किंवा पूर्ण बंद करायचा. फटीतून वाफ गेली की कुठलीही ट्रिम कापली जाते. प्रत्येक ड्रेनवर दोन व्हॉल्व्ह ठेवा, पहिला गेट, दुसरा ग्लोब (प्रवाह कमी-जास्त करता येणारा व्हॉल्व्ह). उघडताना आधी गेट पूर्ण, मग ग्लोब हळूहळू. बंद करताना आधी ग्लोब. झीज ग्लोबवर येते, गेट शाबूत राहतो.

वेल्डिंगला टिग, ८०एस-बी२ फिलर (या पोलादाला जुळणारी वेल्डिंग तार), प्रीहीट (आधी जोड तापवणं). पाइप सॉकेटच्या तळाला टेकवून साधारण १.६ मिमी मागे घ्या, नाहीतर पाइप तापून फुगला की वेल्डवर ताण येतो.

धागाकर्ता

सर, मनापासून आभार. हंगामात ऑपरेटर ड्रेन अर्धवट उघडेच ठेवतात, हे बरोबर ओळखलंत. ग्लोबला जागा आहे का ते उद्या लाइनवर जाऊन मोजतो आणि एफ११ ची मागणी आजच लेखी देतो.