पणजीच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी असावी का?

मूळ मत
पणजीत मांडवीवर २७ जानेवारी २०१९ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू (मुंबईचा याच नावाचा सागरी पूल वेगळा) जोडरस्त्यांसह सुमारे ५.१ किलोमीटर लांबीचा असून त्यावर दुचाकींना व तीनचाकींना बंदी आहे. ज्या गोव्यात मोटारसायकलवरून प्रवासी नेणारे 'पायलट' पिढ्यान्‌पिढ्या रोजी कमावत आले, तिथे सार्वजनिक पैशाचा पूल चारचाकींसाठी राखून ठेवणे हा माझ्या मते उघड अन्याय आहे.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. म्हापसा-पर्वरीकडून बांबोळी किंवा फोंड्याकडे जाणारी वाहने कदंब बसस्थानकाजवळच्या कोंडीत शिरू नयेत, यासाठीच हा पूल उंचावरून नेलेला आहे. त्यावर वाहने वेगाने धावतात, दुचाकींसाठी वेगळी मार्गिका नाही आणि पावसाळ्यात समुद्राकडून येणारा आडवा वारा मोटारीला जाणवत नाही इतका दुचाकीस्वाराला जाणवतो. शेजारचे दोन्ही जुने पूल दुचाकींना खुले असताना नदी ओलांडण्याचा हक्क कोणाचाही हिरावलेला नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही हाच नियम आहे.

मूळ लेखकाचे उत्तर
नदी ओलांडता येते हे मान्य, पण पर्वरीहून बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात कामाला जाणाऱ्या परिचारिकेचे पणजीत काहीच काम नसताना तिने त्याच कोंडीतून, बस आणि टेम्पोंना खेटून का जावे? २०२३ मध्ये अटल सेतू दुरुस्तीसाठी बंद झाला, तेव्हा त्यावरची वाहने जुन्या पुलांवर आली आणि दुचाकीस्वारांचा धोका आणखी वाढला. वारा हेच कारण असेल, तर सोसाट्याच्या वाऱ्यापुरती बंदी घालावी, बारमाही कशासाठी?

प्रतिसाद २
५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा लोकांना पुन्हा फेरीबोटीचाच आधार घ्यावा लागला होता. म्हणून बेती-पणजी फेरीच्या खेपा वाढवण्याची मागणी मला अधिक निकडीची वाटते.

प्रतिसाद १
फेरी हवीच, पण बांबोळीला जाणाऱ्याचा प्रश्न तिने सुटत नाही. तेवढा मूळ लेखकांचा मुद्दा खरा आहे. मात्र वाऱ्यापुरती बंदी घातली आणि मध्यावर असतानाच वारा वाढला, तर दुचाकीस्वाराला मागे फिरता येणार नाही. कठड्यालगत स्वतंत्र, संरक्षित मार्गिका होईपर्यंत माझा विरोध कायम राहील.

मूळ लेखकाचे उत्तर
मग ती मार्गिका आहे त्या रुंदीत बसते का, याची तपासणी करून अहवाल जाहीर करावा, ही मागणी आपण दोघे मिळून करू शकतो.