नाण्यावरची ‘जर्ब’ आणि आपली ‘जरब’

विचारणा : औरंगजेबाच्या एका रुपयाचं वाचन पाहत होते. मागच्या बाजूला ‘जर्ब सूरत’ असं आहे. ‘पोरांना बापाची जरब आहे’ म्हणतो ती जरब आणि ही एकच का? मग नाण्यावर धाक कसला?

उत्तर : शब्द एकच, अरबी. मूळ अर्थ घाव, प्रहार. ‘जर्ब सूरत’ म्हणजे सुरतेत पाडलेलं. मुघल टांकसाळीत नाणं खरोखरच ठोकून पाडत. नेमक्या वजनाची चांदीची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. टांकसाळीचं फारसी नावही ‘दार-उज्-जर्ब’, घाव घालायचं घर. मराठीत घाव मागे पडला, त्याची भीती तेवढी उरली. त्यामुळे जरब टांकसाळीतून आली असं मी म्हणणार नाही. एका मुळाच्या या दोन वाटा आहेत.

ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे पुष्कळदा गावाचं नाव अर्धवटच उमटतं. पूर्ण मिळालं तर बिरुदासकट वाचा, फार गोड असतं : बुऱ्हाणपूर ‘दार-उस्-सुरूर’ (आनंदाचं घर), सुरत ‘बंदर-ए-मुबारक’ (शुभ बंदर). औरंगाबादेच्या रुपयावर तर ‘खुजिस्ता बुनियाद’ (शुभ पाया) एवढंच.

पुरवणी : याच घरातला ‘शिक्का’ विसरू नका. अरबी ‘सिक्का’ म्हणजे आधी ठसा, मग ठशाची छाप आणि शेवटी नाणं. हिंदीनं शेवटचा अर्थ घेतला. आपण नाण्याला ‘नाणं’च म्हणत राहिलो आणि ‘शिक्का’ छापेसाठी ठेवला. म्हणजे मुळाच्या जास्त जवळ मराठीच. मला याचं फार अप्रूप वाटतं.

विचारणा : गावोगावी टांकसाळी, तर रुपयाही गावागणिक वेगळा होता का?

उत्तर : वजन आणि कस ठरलेले. रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा, चांदी जवळपास शुद्ध. टांकसाळीही सरसकट सगळं पाडत नसत. अकबराच्या कारभाराची माहिती देणाऱ्या ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथात सोन्याची नाणी फक्त 4 ठिकाणी, चांदीची त्या 4 आणि आणखी 10 ठिकाणी, तर निव्वळ तांब्याची 28 गावांत पाडत असल्याचं दिलं आहे. या कामावर माणसंही मोठी नेमत : 1577च्या सुमारास फत्तेपूर सिक्रीची टांकसाळ चित्रकार अब्दुस्समदकडे होती. कोणीही आपली चांदी नेऊन, मजुरी आणि सरकारी हक्क भरून रुपये पाडून घेऊ शके. अशा वेळी खोट कुठल्या टांकसाळीची हे नाण्यावरच्या नावावरून कळायचं; माझ्या मते गावाच्या नावाचा खरा उपयोग तो.

फरक पडे तो सालानं. नाण्यावर बादशहाच्या कारकिर्दीचं वर्ष असे. ताजा तो ‘सिक्का’, आधीच्या सालांचा तो ‘चलनी’, आणि सराफ जुन्या रुपयावर कसर कापून घेत. ती कसर म्हणजे ‘बट्टा’.

‘नावाला बट्टा लागला’ हे त्याच अर्थाशी जुळतं. रुपया फारसा झिजलेला नसला तरी बाजारात त्याची किंमत उतरे. म्हणून बट्टा ‘लागतो’, ‘होत’ नाही. ‘नावाचा बट्टा झाला’ असं हल्ली कुठे कुठे लिहिलेलं दिसतं, ते टाळावं.