कॅनडाची नाणी जमवायची तर खिशातून फिरलेलीच, की मखमली डबीतली पण चालतील?

ओटावाकर:
परवा आमच्याकडे पाच-सहा मराठी मंडळी जमली होती, त्यातल्या एकाने नवीन घेतलेली चांदीची नाणी दाखवली, रंगीत पक्षी, अंधारात चमकणारं काहीतरी, सगळं मखमली डबीत आणि सोबत सर्टिफिकेट, आणि म्हणाला मी कॅनडाची नाणी जमवतो. मला ते पटलं नाही, तिथे नीट बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितोय. जे नाणं कधी कोणाच्या खिशात गेलं नाही, ज्याने कोणी दूध-पाव घेतला नाही, ते सुंदर असेलही पण मी त्याला नाणं म्हणून संग्रहात धरत नाही.

माझ्याकडे १९४७ चा चांदीचा डॉलर आहे. झिजलाय. राजाच्या, म्हणजे सहाव्या जॉर्जच्या, कानावरचे केस सपाट झालेत, मागच्या बाजूला होडी आहे तिच्यातल्या गाठोड्यावर एच बी अशी अक्षरं असतात, कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीची, ती अर्धीच दिसतात. राजाच्या कडेने लॅटिनमध्ये नाव आणि शेवटी 'इंड इम्प', म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. भारत स्वतंत्र झाला आणि ही पदवी नाण्यावरून काढणं भाग पडलं. नवे ठसे लंडनहून यायला उशीर, इकडे लोकांना सुट्टे पैसे हवेत, मग ओटावाच्या टांकसाळीने १९४८ साल उजाडलं तरी १९४७ चीच नाणी पाडली, फक्त सालाशेजारी एक इवलंसं मेपलचं पान टाकलं. नवे ठसे शेवटी आले तेव्हा १९४८ साल घातलेले डॉलर जेमतेम १८,७८० पडले, म्हणून तो एवढा महाग. ते पान मी भिंगाखाली पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला, आपल्या स्वातंत्र्याची खूण इथल्या लोकांच्या सुट्ट्या पैशांत फिरत होती. डबीतल्या नाण्यात हे कुठून येणार?

सईचीआई:
ओटावाकर, गोष्ट फार आवडली पण मत अजिबात पटलं नाही. तुम्ही ज्या होडीवर जीव टाकताय ती डॉलरवर पहिल्यांदा आली १९३५ ला, आणि तो डॉलर काढला होता पाचव्या जॉर्जच्या राज्याला २५ वर्षं झाली म्हणून. म्हणजे कॅनडाचा पहिला डॉलरच मुळात समारंभाचा! मग आजच्या टांकसाळीने समारंभाचं नाणं काढलं की ते खोटं कसं?

माझी लेक ९ वर्षांची. तिला मामाने ध्रुवीय अस्वलाचं डबीतलं नाणं दिलं, ती ते रोज रात्री उघडून बघायची. त्यानंतर तिने विचारलं की आई आपल्या पर्समधल्या नाण्यांवर काय काय आहे गं. मग आम्ही बँकेतून पाच सेंटचे रोल आणायला लागलो, एका रोलमध्ये ४० नाणी, डायनिंग टेबलावर ओतायची आणि एकेक उलटवायचं. तिसऱ्या रोलमध्ये १९६७ चं सशाचं नाणं निघालं. ती किंचाळली अक्षरशः. डबीतलं अस्वल नसतं तर हा ससा कधी सापडलाच नसता आम्हाला. दार कुठल्याही बाजूने उघडू दे ना.

वजनकाटा:
दोघांचीही माफी मागून स्पष्ट लिहितो. चांदी ती चांदी. १९२० ते १९६६ ची दहा सेंट, पंचवीस सेंट, अर्धा डॉलर, डॉलर, सगळ्यात ८० टक्के चांदी आहे, ती वजनावर घ्या, जपून ठेवा, गरजेला उपयोगी पडेल. मी आधी १२ डबीतली नाणी घेतली होती, अडचणीत विकायला गेलो तर दुकानदाराने डबी बाजूला सारली, सर्टिफिकेटकडे बघितलंही नाही, नाणी थेट काट्यावर ठेवली. आतबट्ट्याचा व्यवहार झाला. तेव्हापासून मी चित्र बघत नाही. चित्रावर पैसे घालणाऱ्या नव्या लोकांची काळजी वाटते म्हणून लिहितोय, कोणाला दुखवायला नाही.

ओटावाकर:
वजनकाटा, तुमचं नुकसान झालं ते वाईटच झालं, आणि डबीतल्या नाण्यांबद्दल तुमचा अनुभव माझ्याच बाजूचा आहे. पण काट्यावरचा हिशोब मला मान्य नाही. १९२१ चं पाच सेंटचं चांदीचं नाणं घ्या, इतकं बारीक की इथे त्याला माशाचा खवला म्हणतात. १९२२ पासून पाच सेंट निकेलचं झालं आणि १९२१ ची बहुतेक सगळी टांकसाळीतच वितळवली, वजनावर. आज एखादं दिसलं तर लोक श्वास रोखून बघतात. वितळवणाऱ्यानेही हिशोब बरोबरच केला होता हो, पण गेलं ते गेलं.

सईचीआई, १९३५ चा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण तो डॉलर लोकांनी चालवला, खर्चला. तसं तर २००४ चं लाल पॉपीच्या फुलाचं पंचवीस सेंटचं नाणं पण रंगीत आहे, जगातलं चलनात आलेलं पहिलं रंगीत नाणं, आणि माझ्याकडे ते आहे, कॉफीच्या दुकानात मोड म्हणून मिळालं, रंग थोडा उडालाय. मला रंगाचं वावडं नाही. ससा तर १९६७ ला अ‍ॅलेक्स कोलव्हिलसारख्या मोठ्या चित्रकाराने काढला, देशाच्या शंभरीसाठी, आणि गल्ल्यात दिला. तसंच करा ना आजही.

पावलीवाला:
मी पुण्यातून. मला दोघांचंही थोडं थोडं पटतंय पण एक सांगतो, फक्त चलन म्हणालात तर टोकन कुठे बसवणार? हडसन्स बे कंपनीचे पितळी टोकन बघा, त्यावर किंमत पैशात नाहीच, एक 'मेड बीव्हर' म्हणजे बीव्हर या प्राण्याच्या एका उत्तम कातड्याएवढं, मग अर्धं, पाव, अष्टमांश. आणि एम बी च्या जागी ठसा कोरणाऱ्याने एन बी कोरून ठेवलंय, ती चूक तशीच चालली. सरकारी नाणं नव्हे, राजा नाही, पण त्यावर माणसांनी ब्लँकेट आणि चहा घेतलाय.

हिमफूल:
टोकनचं ठीक. पण पदकांचं काय? १८७३ पासून व्हिक्टोरिया राणीच्या वतीने इथल्या मूळ लोकांशी जे करार झाले, त्यात सरदारांना मोठी चांदीची पदकं दिली. मी एक म्युझियममध्ये काचेआड पाहिलंय, तळहात भरेल एवढं. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला गणवेशातला अधिकारी आणि पिसांचा मुकुट घातलेला सरदार हात मिळवतायत, पायाशी कुऱ्हाड जमिनीत पुरलेली, मागे तंबू. म्हणजे लढाई संपली, शब्द दिला. तो शब्द पाळला गेला की नाही यावर कोर्टात अजून वाद चालतात. अशी वस्तू कोणाच्या अल्बममध्ये असूच नये असं माझं ठाम मत आहे. ज्या घराण्याला दिली त्यांच्याकडे परत जावी.

पावलीवाला:
हिमफूल ताई, पण संग्राहकांनी जपलं नसतं तर किती पदकं भट्टीत गेली असती? वजनकाटा वरती तेच तर सांगतायत.

हिमफूल:
जपलं त्याबद्दल आभार आहेतच. पण जपणं आणि मालकी वेगळी. विकत घेणाऱ्याने निदान एवढं तरी विचारावं की हे त्या घरातून बाहेर कसं पडलं, आणि उत्तर नीट मिळालं नाही तर घेऊ नये.

ओटावाकर:
इथे मी तुमच्या बाजूने आहे. माझा झिजलेल्या नाण्याचा नियम पदकाला लागूच होत नाही, ते कधी खर्चायला दिलंच नव्हतं. याचा मी विचार केला नव्हता. डबीतल्या नाण्यांबद्दल मात्र मत तेच.

सईचीआई:
आणि माझंही! ससा आणि अस्वल आमच्याकडे एकाच डबीत झोपतात.

पावलीवाला:
बरं जाता जाता, भारतातल्या मंडळींनी घरातली १९८८ ची गेंड्याची पावली, म्हणजे पंचवीस पैशांचं नाणं, काढून बघा. त्यातली काही कॅनडात पाडून आणलेली आहेत, सालापाशी बारीक सी असतो. चिंचेने घासू नका मात्र, मी लहानपणी घासलीयत, कायमची खराब होतात.

ओटावाकर:
आईला फोन लावला, देवघराच्या खणात पाच पावल्या निघाल्या. चारवर काही नाही. पाचवीचा फोटो मागवलाय, तिला भिंग सापडत नाहीये.