गॅसबंदी रद्द झाली, मग ही इलेक्ट्रिक वायरिंगची सक्ती कसली?

भटक्या: कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने २०१९ मध्ये नव्या इमारतींत गॅसची पाइपलाइन बंद केली होती, ती कोर्टाने उडवली ना? मग कॅलिफोर्नियात नवीन घराला गॅस शेगडी घेतली तरी मागे इलेक्ट्रिक लाइन टाकाच म्हणतात, ते कशाच्या जोरावर? डबल खर्च कशाला उगाच.

निवांत: उडवली, २०२३ ला, फेडरल अपील कोर्टाने. १९७५ चा फेडरल कायदा आहे, उपकरणांच्या ऊर्जावापराचे नियम केंद्राकडे, शहराने आडून गॅस बंद करायचा नाही असा एकंदर निकाल. पण राज्याचा एनर्जी कोड, म्हणजे इमारतींच्या ऊर्जावापराचे नियम, वेगळा हो, तो गॅसला नाही म्हणतच नाही, फक्त शेगडीपासून तीन फुटांच्या आत २४० व्होल्ट, ५० अँपियरची लाइन ठेवा म्हणतो, म्हणजे उद्या इंडक्शन घ्यायचं झालं तर भिंत फोडायला नको. बांधतानाच वायर ओढणं कधीही स्वस्त.

भटक्या: ओके, आणि जुन्या घराचं काय?

खटपट्या: तिथे गॅसवरून इलेक्ट्रिकवर जायचं तर खरी डोकेदुखी पॅनेलची, म्हणजे घराच्या मुख्य वीज-बोर्डाची. १०० अँपियरचं पॅनेल दिसलं की इलेक्ट्रिशियन लगेच २०० चं करा म्हणतो, मला तर हे बऱ्याचदा बिल फुगवणं वाटतं, आधी लोड कॅल्क्युलेशन मागा, म्हणजे घराला एकूण किती वीज लागेल त्याचा हिशोब. पॅनेलवर भार कमी ठेवायचा तर १२० व्होल्टचे हीट पंप वॉटर हीटरपण (हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारे) मिळतात, साध्या प्लगवर चालतात, पाणी जरा सावकाश तापतं एवढंच.

निवांत: +१, आणि परमिट काढूनच करा, घर विकताना लोक विचारतात.