'जनतेचा कौल' : कौल कुणी कुणाला द्यायचा?

प्रश्न

निकालाच्या बातमीत 'मतदारांनी अमुक पक्षाला कौल दिला' असं आपण सर्रास लिहितो. परवा गोव्याच्या २०२२ च्या विधानसभा निवडणुकीवरचा एक लेख तपासत होते. त्यात वाक्य होतं, 'भाजपच्या जागा १३ वरून २० झाल्या, जनतेचा कौल फिरला.' मतांचे आकडे पाहिले. २०१७ मध्ये साडेबत्तीस टक्के, २०२२ मध्ये तेहतीसच्या थोडं वर. मतं जवळजवळ तेवढीच आणि जागा सातने जास्त! मग फिरलं काय? इथे 'कौल' शब्द बसतो का? आणि घरावरच्या कौलाशी त्याचं काही नातं आहे का?

पुण्याहून

नातं नाही. घरावरचं ते कौल, हा तो कौल, लिंगच वेगळं. हा अरबी 'क़ौल', म्हणजे बोललेला शब्द, वचन. फारसीतून आपल्याकडे आला. कव्वाली त्याच मुळातली, आणि 'कौलकरार' हा जोडशब्द तर आपण आजही वापरतो. दुष्काळात किंवा लढायांत गाव ओस पडलं की सरकार परागंदा रयतेला कौल द्यायचं : परत या, जमीन लागवडीला आणा, सुरुवातीला सारा कमी घेऊ, पुढे दरसाल थोडा थोडा चढवू. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. म्हणजे तेव्हा कौल देणारं सरकार आणि घेणारी रयत. आज रयत देते आणि सरकार घेतं. एका शब्दाने घेतलेलं हे वळण मला फार मोलाचं वाटतं.

सावंतवाडीहून

हे वळण देवळातून गेलेलं असावं, असं मला वाटतं. आमच्याकडे काही अडलं की देवाला कौल लावतात. गुरव ओल्या पाकळ्या किंवा कळ्या देवाला लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कौल 'लावतात' माणसं, 'देतो' देव. 'जनतेचा कौल' म्हणताना आपण मतदाराला त्या गाभाऱ्यात नेऊन बसवलं. म्हणून हा शब्द टाकून देऊ नये.

फक्त एक अडचण आहे. देवापुढे एका वेळी एकच प्रश्न ठेवतात, हो की नाही. मतयंत्रावर सात-आठ बटणं असतात.

फोंड्याहून

अडचण नेमकी तिथेच आहे. आमच्याकडेही देवाचा कौल घेतात, प्रसाद घेणं म्हणतात. पण २०२२ चा निकाल तसा वाचता येत नाही.

आधी २०१७ पाहा. भाजपला मतं साडेबत्तीस टक्के, काँग्रेसला अठ्ठावीसच्या वर. जागा मात्र भाजपला १३, काँग्रेसला १७. जास्त मतं मिळवणाऱ्याला कमी जागा. त्या वेळी महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष भाजपपासून तुटून गोवा सुरक्षा मंच आणि शिवसेनेबरोबर गेला होता. पाच वर्षांनी काँग्रेस साडेतेवीस टक्क्यांवर आली आणि तिच्या जागा ११ झाल्या. मधल्या काळात, २०१९ मध्ये, तिचे दहा आमदार एकदम भाजपमध्ये गेले होते. उरलेली मतं रिव्होल्युशनरी गोवन्स, मगो, आम आदमी पक्ष आणि तृणमूल यांच्यात वाटली गेली. तृणमूलला पाच टक्क्यांच्या वर मतं पडली, पण जागा एकही नाही.

आमचे गोव्यातले मतदारसंघही लहान, सरासरी तीस हजारांच्या आत मतदार. साखळीत मुख्यमंत्री प्रमोद सावंत ६६६ मतांनी निवडून आले, पणजीत फरक ७१६ मतांचा, सांत आंद्रेत अवघा ७६ चा. सांत आंद्रेत तर भाजपचाच उमेदवार पडला आणि रिव्होल्युशनरी गोवन्सचा निवडून आला. इतक्या लहान फरकांवर एक-दोन वाड्यांनी मन बदललं तरी आमदार बदलतो. भाजपचा स्वतःचा मतदार जागचा हलला नाही, समोरचा विखुरला. जागा वाढल्या त्या मुख्यतः यामुळे.

म्हणून 'कौल फिरला' हे वाक्य मी कापलं असतं. दोन-तृतीयांश मतं दुसरीकडे पडली आहेत, ती देणाऱ्या माणसांचं म्हणणं त्या वाक्यात कुठेच उरत नाही.

प्रश्नकर्ती

मग 'विरोधी मतविभागणीमुळे भाजपच्या जागा वाढल्या' असं लिहू? लेखकाने पुढे 'लहान पक्षांनी काँग्रेसची मते खाल्ली' असंही लिहिलंय.

सावंतवाडीहून

मतविभागणी चालेल. 'मते खाल्ली' मात्र नको. कुणाची मतं? मत पडेपर्यंत ते मतदाराचं असतं. काँग्रेसच्या ताटात ते कधी वाढलेलंच नव्हतं. ज्याने रिव्होल्युशनरी गोवन्सला मत दिलं त्याला तोच पक्ष हवा होता, असं धरूनच लिहावं.

फोंड्याहून

सहमत. आणि 'कौल' हवाच असेल तर मतदारसंघापुरता वापरा. 'साखळीने सावंतांना कौल दिला' हे बरोबर आहे.