बोधचिन्ह छापून पेशंटला काय कळतं?
'रिपोर्टवर एनएबीएचचं (रुग्णालयं, तपासणी केंद्रांना गुणवत्तेचं मानांकन देणारी संस्था) बोधचिन्ह छापलं की झालं' हे या चर्चेत वर मांडलेलं मत मला पटत नाही. कोथरूडमधल्या आमच्या सीटी-सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर मी बसते. भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचणारा पेशंट अजून दिसलेला नाही. आणि एक फरक चर्चेत आलाच नाही. सीटी, एक्स-रेला एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) परवानगी आणि सोनोग्राफीला पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा) नोंदणी कायद्यानेच लागते, ती मानांकन म्हणून मिरवणं ही दिशाभूल आहे. एनएबीएच ऐच्छिक, तिथे बाहेरचे तपासनीस येऊन कामाची पद्धत बघतात.

पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांना आम्ही नुसतं बोधचिन्ह दाखवणं सोडलं. गंभीर काही दिसलं तर रेडिओलॉजिस्ट लगेच फोन करतात, त्याची वेळेसकट नोंद राहते, एवढंच सांगतो. पुढचे प्रश्न मग डॉक्टर स्वतःच विचारतात.